दुपारी बसणारा कॉम्प्युटर

गावाचं आणि घराचं नाव मुद्दाम देत नाही. घरच्यांची लिहायला हरकत नव्हती. काकू एवढंच म्हणाल्या, "लिहा, पण हळदीचं बी लिहा." ते पुढं येईलच.

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्यापासून आत असलेलं गाव. माझं दुरुस्तीचं दुकान तालुक्याला, तिथून १८ किलोमीटरवर. घर शेतकऱ्याचं: सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि मधे तुरीचे तास. मोठा मुलगा चाकणला कंपनीत. पॉलिटेक्निकला असताना, २०१८ साली, त्यानं नागपूरच्या सीताबर्डीतून ऑफिसातून निघालेला एक डेस्कटॉप साडेआठ हजारांत आणला होता. टेबलावर आडवा ठेवायचा पातळ डबा. आत तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम (म्हणजे चालू कामापुरती मेमरी), ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०.

मुलगा नोकरीला गेल्यावर तो धाकट्या बहिणीकडं आला. तिला इथं ताईच म्हणतो. बीए झालेली, सरळसेवा भरतीचे फॉर्म भरणारी, मराठी टायपिंगच्या ३० शब्दांच्या परीक्षेची रोज तासभर तयारी करणारी. शिवाय गावातल्या शेजारणी शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे फॉर्म घेऊन तिच्याकडं येतात. म्हणजे कॉम्प्युटर एका घरचा असला तरी त्याच्यावर सात-आठ घरांची कामं अडलेली.

तक्रार

२०२५ च्या मार्चमध्ये बाजाराच्या दिवशी काकाजी दुकानात आले. "सर, तो डबा मेला का जिता हाये तेवढं सांगा. मेला असन तर भंगारात देतो. पोरगी रोज त्याच्यापुढं बसून रडू रायली."

"होते काय पण?" मी विचारलं.

"काई होत नाई, तेच त होते न!"

मी तिथंच, मशीन न पाहता, सल्ला देऊन मोकळा झालो: रॅम कमी आहे, ४ जीबी आणखी टाकू, हजाराच्या आत काम होईल. आमच्या धंद्यात हे वाक्य तोंडात बसलेलं असतं. दहातल्या काही गिऱ्हाइकांना त्याचा उपयोगही होतो, म्हणून ते टिकून आहे. काकाजींकडं तेव्हा हजार रुपयेही मोकळे नव्हते, कारण कापूस विकलेला नव्हता. ते म्हणाले, आधी येऊन पाहा. त्यांच्या हातात पैसे असते तर मी नको ती वस्तू आधी विकली असती.

ताईची वही

रविवारला चार दिवस होते. तोवर ताईला फोनवर एक काम दिलं. कॉम्प्युटर हळू वाटला की वहीत लिहायचं: किती वाजता, काय करत होतीस, किती वेळ लागला, आणि त्या कामाला नेट लागत होतं का. शेवटचा रकाना महत्त्वाचा. गावात नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही फोन खिडकीत टांगल्यावर. साइट उघडायला वेळ लागला की लोक कॉम्प्युटरलाच शिव्या देतात.

तिनं २६ नोंदी केल्या. रविवारी सकाळी चहा पिता पिता वाचल्या, तेव्हा कळलं की "हळू" या एका शब्दात चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. बटण दाबल्यापासून काम करण्याजोगा होईपर्यंत सहा ते सात मिनिटं, सकाळ असो की संध्याकाळ. टायपिंगचं सॉफ्टवेअर सकाळी पन्नास सेकंदांत उघडे आणि उघडल्यावर नीट चाले, पण दुपारी दोननंतर दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटायला दोन-तीन सेकंद घेई. संध्याकाळी सातनंतर फक्त नेटची कामं अडकत. ते टॉवरचं दुखणं, माझ्या हातातलं नाही. आणि लाइन जाऊन आल्यावर भरतीची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडायचीच नाही.

शेवटचं सगळ्यात सोपं निघालं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. लाइन गेली की घड्याळ २०१२ मध्ये जाऊन बसे, आणि तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. सीआर-२०३२ नावाचा ४० रुपयांचा सेल. ताई सहा महिने हे सगळं "कॉम्प्युटर स्लो" या खात्यात मांडत होती.

दुपारचं कोडं मात्र मला वहीवरून सुटलं नाही. वाटलं, दुपारी व्होल्टेज पडत असेल.

पहिली भेट: काट्यावरची रांग

कॉम्प्युटर मागच्या टिनाच्या खोलीत. त्याच खोलीत खिडकीच्या गजांपर्यंत कापूस भरलेला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, खासगी व्यापारी त्याच्या खाली मागत होते, म्हणून काकाजी थांबले होते. टेबल कापसाला अगदी टेकून. हे मी पाहिलं आणि सोडून दिलं. आपल्याकडं मार्चमध्ये कोणाच्या घरात कापूस नसतो?

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे मशीनचा कुठला भाग किती राबतो ते दाखवणारी खिडकी. प्रोसेसर १८ टक्के. मेमरी ८८ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि वेग सेकंदाला जेमतेम दीड एमबी.

काकाजींना ते आकडे कसे सांगावेत याचा विचार करत होतो, तर जिनिंगच आठवलं. जिनातलं मशीन रिकामं फिरत आहे, पण गाड्या आत येतच नाहीत, कारण बाहेर वजनकाट्यावर रांग लागली आहे. आता मशीन मोठं आणून फायदा काय? काकाजी लगेच म्हणाले, "काटा बदला न मंग."

हार्ड डिस्क हा तो काटा. तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एक फेरा आठ मिलिसेकंदांचा. त्यात वाचणारी सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर डिस्क सेकंदाला शंभर एमबीही देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इकडच्या तिकडच्या जागांवरून मागतं, आणि अशा उड्या डिस्क सेकंदाला ऐंशी-शंभरच मारू शकते. म्हणून १०० टक्के राबूनही पदरात दीड एमबी. रॅम कमी असली की विंडोज उरलेला पसारा याच डिस्कवर नेऊन टाकतं, म्हणजे रांगेत आणखी गाड्या. रॅमचा सल्ला अगदीच खोटा नव्हता एवढंच.

मग साफसफाईला लागलो. सी ड्राइव्ह १२० जीबीचा, त्यात जागा उरली होती तीन जीबी. डी ड्राइव्ह ३४० जीबीचा, जवळजवळ रिकामा. सी भरला कशानं? डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावर पहिल्यांदा दिसणाऱ्या जागेत, भावाच्या लग्नाचे व्हिडिओ, चार फाइली, ४१ जीबी. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हचाच एक कोपरा, हे फारच थोड्यांना माहीत असतं. शिवाय विंडोजच्या जुन्या अपडेटचा गाळ १४ जीबी. तो डिस्क क्लीनअपमधल्या सिस्टिम फाइलींच्या बटणावरून काढला.

दोन अँटिव्हायरस होते. एकाची मुदत संपून वर्ष झालेलं आणि तो दर तासाला पैसे मागत होता. दोन्ही काढले, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप जागं झालं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत अकरा प्रोग्राम होते, त्यातले आठ बंद केले. ब्राउझरमध्ये कोपऱ्यातून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस" असे निरोप येत होते. तो व्हायरस नव्हे, कुठल्याशा निकालाच्या साइटला ताईनं चुकून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी होती. ती काढली.

ताई स्वतः काही उपाय करत होतीच. दर वेळी पाच-सहा वेळा रिफ्रेश. त्यानं पडद्यावरची चित्रं पुन्हा काढली जातात, दुसरं काही होत नाही. कोणाच्या सांगण्यावरून प्रीफेच नावाचं फोल्डर दर आठवड्याला रिकामं करायची. ते फोल्डर प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणूनच असतं. ते पुसलं की पुढच्या वेळी उलट उशीर. हे ऐकून ती इतकी ओशाळली की मी माझंही सांगितलं: एमएस-सीआयटी शिकवताना दोन वर्षं मी हेच पोरांना सांगत होतो.

एवढं झाल्यावर सुरू होण्याचा वेळ सात मिनिटांवरून साडेचारवर आला. फुकटात एवढं पुष्कळ. घरात आनंद, कांदेपोह्यांची बशी आली.

माझी चूक

हात चालता होता. आता एकदा डीफ्रॅग करून घेऊ म्हटलं, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावायच्या. चांगल्या हार्ड डिस्कवर त्यानं बरं वाटतंही. बटण दाबलं. वीसेक मिनिटांनी डब्यातून आवाज आला, कट... कट... कट. गोडेतेलाच्या घाण्यासारखी संथ लय. हा आवाज ज्यानं ऐकला आहे त्याच्या पोटात गोळा येतो. तबकडीवर एखादी जागा वाचता येत नसली की सुई पुन्हा पुन्हा मागं येऊन प्रयत्न करते, त्याचा तो आवाज.

काम थांबवलं आणि मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पेन ड्राइव्हवरून चालवलं. ते दोन मिनिटांचं काम होतं आणि ते मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. पिवळा रंग, "कॉशन". वाचता न आलेल्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांपुढं, म्हणजे तबकडीवरच्या बारक्या कप्प्यांपुढं, १८ आकडा. तो १८ खरा २४ होता, कारण हे सॉफ्टवेअर मूळ आकडे हेक्सात, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटांनी मोजून, दाखवतं; नव्या पोरांची तिथं हमखास फसगत होते. रीअलोकेटेड सेक्टरही होते, म्हणजे डिस्कनं काही जागा आधीच निकामी ठरवून राखीव जागांवर काम हलवलं होतं.

डिस्क मरायला टेकली होती, आणि मी तिला साऱ्या घराचं सामान या खोलीतून त्या खोलीत न्यायला लावलं होतं.

विंडोज १० स्वतःच आठवड्यातून एकदा डीफ्रॅग करतं, त्यामुळं डिस्क माझ्यामुळंच बिघडली असं नाही. आधीची पाच-सहा वर्षं, रोज अचानक जाणारी लाइन आणि बॅटरी मेलेला यूपीएस यांचाही वाटा मोठा. पण क्रम माझा होता, आणि तो चुकीचा होता.

दुपार

नोंदी वाचल्या होत्या म्हणून दुपारपर्यंत मुद्दाम थांबलो. अडीच वाजता, बाहेर चाळीसच्या घरात ऊन आणि वर टिन, ताईनं टायपिंग सुरू केलं आणि अक्षरं मागं पडू लागली. व्होल्टेज मीटरवर ठीक. तापमान दाखवणारं एचडब्ल्यू-मॉनिटर लावलं: प्रोसेसर ९८ अंशांवर, आणि कामाच्या भरात ३.३ गिगाहर्ट्झनं चालायला हवा तो निम्म्यावर आलेला. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग सोडतो, दुपारच्या उन्हात बैल झाडाखाली बसतो तसा.

मशीन बंद केलं, वायर काढली, झाकण उघडलं. पंख्यामागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत कापसाची गादी बसली होती. बोटभर जाड, करडी, अगदी पिंजून बसवल्यासारखी. पातळ डबा समोरून हवा ओढतो, आणि त्याच्या नाकासमोर दर हंगामात चार महिने कापूस. ताई म्हणाली, "दादा, कापूस भरला का आमाले खाज सुटते, याले काई होत नसन का?" तिनं हे चार दिवसांपूर्वी वहीत लिहिलं असतं तर, असं मला वाटलं. मग लक्षात आलं की वहीत "कॉम्प्युटर कुठं ठेवला आहे" हा रकाना मी आखलाच नव्हता.

ब्रश आणि सायकलचा पंप घेऊन अंगणात साफ केलं. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर हवेच्या झोतानं तो भलताच गरगरतो आणि बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसरची उष्णता पात्यांपर्यंत नेणारी जुनी पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती पुसून नवी लावली. पुन्हा तेच काम, तीच खोली, तेच ऊन: ६९ अंश. अक्षरं बोटाबरोबर. दुपारचं दुखणं संपलं, आणि त्याला रुपयाही लागला नाही.

पर्याय

हाताशी तीन हजार होते. त्याच्यावर एक रुपया नाही, हे काकाजींनी आधीच सांगितलं.

आहे तसंच चालवायचं हा पर्याय डिस्कच्या पिवळ्या रंगानं बाद केला. नवा लॅपटॉप तीस-पस्तीस हजारांच्या खाली नव्हता. मुलगा फोनवर म्हणाला, हप्त्यावर घेऊन देतो. काकाजींना हप्ता हा शब्दच सोसत नाही. मीही जोर केला नाही. टायपिंग आणि फॉर्म यांसाठी तो आय-थ्री पुरेसा होता, आडवत होता फक्त काटा.

लिनक्स मिंट टाकावं का, यावर ताईशी बराच वेळ बोललो. जुन्या मशीनवर ते हलकं चालतं, फुकट आहे, देवनागरी कीबोर्डही आहे. इतर कोणासाठी मी तेच टाकलं असतं. पण तिचं परीक्षेच्या सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत होतं, आणि परीक्षेला तीन महिने असताना तिला नव्या घरात राहायला लावणं मला पटलं नाही.

राहिले दोन: रॅम की एसएसडी. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपांवर साठवण करणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळं बारक्या फाइलींच्या उड्या तिला जड जात नाहीत. एका वाचनाला हार्ड डिस्कपेक्षा शंभरेक पटीनं कमी वेळ लागतो. या बोर्डावर डिस्क जोडायचं जुनं साटा-२ कनेक्शन होतं, म्हणजे सेकंदाला फार तर ३०० एमबी, एसएसडीचा पुरा वेग मिळणार नव्हता. तरी चालेल असं मी म्हटलं, कारण दुखणं उड्यांचं होतं. २४० जीबीची एसएसडी १,६५० रुपयांना. काकाजींनी तोंडीच हिशेब केला, "म्हणजे बावीस किलो कापूस."

उरलेल्या पैशांत ताईला रॅम हवी होती. मी लाइन गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या यूपीएसची बॅटरी म्हटलं, ९५० रुपये. इथं आमचा खरा वाद झाला. रॅमनं वेग दिसला असता. बॅटरीनं काहीच दिसणार नव्हतं. पण फॉर्म भरताना मधेच लाइन गेली की सात मिनिटं जातात, आणि असं आठवड्यातून चार वेळा होतं. तिच्याच वहीत ते लिहिलेलं होतं. वही उघडून दाखवल्यावर ती गप्प झाली, पण खूश नव्हती.

काय केलं

आधी सामान बाहेर काढणं. मरायला टेकलेल्या डिस्कवरून नक्कल करताना क्रम लागतो: जे पुन्हा मिळणार नाही आणि लहान आहे ते आधी. ताईला विचारलं, यातलं काय गेलं तर रडशील? ती म्हणाली, दाखले. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, गुणपत्रिका, सह्या-फोटो, एकूण दीड जीबी. ते दोन पेन ड्राइव्हवर. मग फोटो. लग्नाचे व्हिडिओ शेवटी, कारण ते मोठे होते आणि डिस्कला सगळ्यात जास्त राबवणार होते.

तीन फाइली आल्या. चौथी ७१ टक्क्यांवर अडकली आणि कट-कट सुरू झालं. दोनदा थांबलो, डिस्क थंड होऊ दिली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा डिस्क दिसेनाशी झाली. चौथी फाइल हळदीची होती.

काकू दारात उभ्या होत्या. "मांडवातलं त आलं न?" आलं होतं. "मंग हळदच गेली." हळदीच्या त्या फाइलीत त्यांची आई होती, लग्नानंतर सहा महिन्यांनी वारलेली. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. क्रम ठरवताना मी फक्त ताईला विचारलं होतं.

पुढच्या रविवारी एसएसडी बसवली. जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं क्लोन करायचा विचार आता राहिलाच नव्हता. डिस्क धड असती तरी मी वाचता न येणाऱ्या सेक्टरांसकट विंडोज उचललं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं पेन ड्राइव्ह तयार करून नव्यानं विंडोज १० टाकलं. परवाना मदरबोर्डला जोडलेला असल्यामुळं नेट लागताच ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. पातळ डब्यात एसएसडीला जागा नव्हती. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं आतल्या भिंतीला लावली. हार्ड डिस्कशी असं करू नये, एसएसडीला चालतं. सेल बदलला, यूपीएसला बॅटरी टाकली.

कापूस हलवायचा की कॉम्प्युटर? काकाजींनी विचारायच्या आतच सांगितलं, कापूस हलणार नाही. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत गेला, देवघराच्या बाजूला.

काय साधलं

सुरू व्हायला सात मिनिटांच्या जागी ३८ सेकंद. टायपिंगचं सॉफ्टवेअर पाच सेकंदांत. एकूण खर्च एसएसडी, बॅटरी, सेल आणि माझे ३०० धरून २,९४० रुपये.

रॅम जूनमध्ये घेतली, आणि तिथंही एक फेरी फुकट गेली. ऑनलाइन ७०० रुपयांना मिळाली म्हणून मुलानंच पाठवली. लावली तर मशीन नुसतं बीप देत राहिलं. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त एएमडीसाठी, म्हणजे इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या प्रोसेसरसाठी. डीडीआर-३ या जुन्या प्रकारच्या स्वस्त रॅममध्ये अशा पट्ट्या येतात आणि इंटेलच्या जुन्या बोर्डांवर त्या चालत नाहीत. परत करून दुसरी आणली. त्यानं फरक पडला, पण एसएसडीएवढा नाही. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब एकदम उघडले की जाणवतो.

ताई टायपिंगची परीक्षा पास झाली. त्यात माझ्या एसएसडीचा वाटा किती, हे मी तिला विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत झाकण उघडण्याआधी, क्लीनअप करण्याआधी, डिस्कची तब्येत पाहायला हवी होती. आता मी तेच करतो, गिऱ्हाईक दुकानात उभं असतानाच. पिवळं दिसलं की मशीनवर दुसरं काहीही न करता आधी फाइली काढतो. क्लीनअपसुद्धा डिस्कवर लिहितंच. डीफ्रॅग तर मी हातानं चालवायचंच सोडलं; एसएसडीवर त्याची गरज नाही, आणि जुन्या हार्ड डिस्कवर जेवढं लागतं तेवढं विंडोज करतंच.

वहीची कल्पना पुन्हा वापरली, इतर घरी. त्यात आता दोन रकाने जास्त आहेत: मशीन कुठं ठेवलं आहे, आणि आजूबाजूला काय आहे. एका ठिकाणी पिठाची गिरणी निघाली, एका ठिकाणी चूल.

आणि काय वाचवायचं हे विचारताना घरातल्या सगळ्यांना विचारायला हवं होतं. कॉम्प्युटर वापरते ताई, पण त्यात काय आहे ते सगळ्यांचं असतं. हळदीची फाइल दाखल्यांनंतर लगेच घेतली असती तर आली असती का? बहुधा आली असती.

सध्या

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हा डबा अधिकृतपणे त्यात बसत नाही. आडमार्गानं टाकता येतं, मी गिऱ्हाइकाच्या मशीनवर टाकत नाही. ताईचं मायक्रोसॉफ्ट खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला आणि पैसे न भरता सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत लावून घेतले. तेव्हा लिनक्सचं पुन्हा बोलू. आता परीक्षेची अडचण नाही.

दिवाळीनंतर नवा कापूस घरात आला. ताईनं फोन करून सांगितलं की सायकलचा पंप तिनं स्वतःच मारला, पंखा बोटानं धरून.

जुनी डिस्क काकूंनी भंगारात देऊ दिली नाही. नागपूरला डेटा काढून देणाऱ्यांकडं विचारलं, त्यांनी सांगितलेला आकडा साऱ्या कॉम्प्युटरच्या किमतीहून जास्त होता. काकूंनी तो ऐकला, आणि भाव बरा आला तर पाहू म्हणाल्या. डिस्क कापडात गुंडाळून माझ्या दुकानातल्या वरच्या खणात आहे, वर मार्करनं लिहिलं आहे: हळद.